सवाईचे दिवस : तुम्हाला ऐकायला कुणी शिकवलं?

डिसेंबर लागला की पुण्यात शाली बाहेर निघतात आणि प्रश्न सुरू होतो, "सवाईला येणार ना?" पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव. दिवस मोजून पाच, पण इथं शिकायला आलेल्या मुलांचा अख्खा आठवडा त्यात जातो. आधी तिकिटांची धावपळ, मग जर्नल कुणाकडून उतरवून घ्यायचं याची जुळवाजुळव, आणि नंतरचे दोन दिवस झोप.

सुरुवात माझ्यापासून करते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मैत्रिणीकडे भारतीय बैठकीचं एक तिकीट जादा होतं, म्हणून गेले. ख्याल सुरू झाला. पंधरा मिनिटं झाली तरी मला वाटत होतं, गाणं अजून सुरूच व्हायचंय. शेजारी एक आजोबा मांडीवर हळूच ताल धरून बसले होते. माझी चुळबुळ त्यांनी ओळखली असावी. म्हणाले, "बाळ, शब्दांमागे नको जाऊस. हे बघ." आणि बोटाची पेरं मोजून दाखवायला लागले. विलंबित एकताल, मात्रा बाराच, पण एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण मिनिटभर चालतं. "ही सम. गाणारा कुठंही हिंडून येऊ दे, इथं भेटायला येणारच." सहाव्या-सातव्या आवर्तनाला त्यांनी बोटं मिटून घेतली. मी माझ्या बोटांवर मोजत राहिले. सम आली तेव्हा मांडवातल्या सगळ्या माना एकदम हलल्या, आणि त्यात माझीही होती.

आजोबांचं नाव विचारायचं राहून गेलं. पुढं कितीतरी वर्षं मी बैठकीत त्यांना शोधलं.

तुमचंही असं कुणीतरी असेल. त्यांच्याबद्दल लिहा. कोण कधी गायलं याची यादी नको, ती वर्तमानपत्रात येते. असं विचारलं, त्याला आलेली ही काही उत्तरं, प्रत्येक वेगळ्या श्रोत्याचं.

* * *

महोत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा आणि शेवटचं सत्र रात्रभर चालायचं, तेव्हाचा मी श्रोता. वडील घोंगडी आणि थर्मास घेऊन निघायचे, मी त्यांच्या मागे. खालून जमीन गार, वरून दव. मध्यरात्र उलटली की मालकंस, दरबारी असे रात्रीचे राग. मला झोप लागायची आणि वडील जागं करायचे नाहीत. "झोपेतही कानावर पडतं," म्हणायचे. पहाटे मात्र खांद्याला हात लावून उठवायचे. एकदा जाग आली तेव्हा तोडी हा सकाळचा राग सुरू होता आणि मांडवाच्या कनातीखालून उजेड आत सरकत होता. तोडीतला कोमल गंधार, म्हणजे उतरलेला 'ग', काय असतो, हे मला त्या उजेडामुळे कळलं असं आजही वाटतं. नंतर कितीही पुस्तकं वाचली तरी रागांच्या वेळेबद्दल त्याहून जास्त काही कळलं नाही.

आता रात्री दहाची मर्यादा आहे, शनिवारी तेवढी बारापर्यंत मुभा मिळते. नियमाशी माझं भांडण नाही. आसपास आजारी माणसं असतात, तान्ही मुलं असतात. पण सकाळचे राग मैफलीत समोर बसून ऐकणं आता दुर्मीळ झालंय, याची हळहळ जात नाही. माझ्या पुतणीनं तोडी फक्त हेडफोनवर ऐकली होती. मागच्या हिवाळ्यात तिला पहाटे उठवून गच्चीवर नेलं आणि तिथं रेकॉर्डिंग लावलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, उद्या पुन्हा?"

* * *

मी श्रोत्यांच्या समोरून लिहितेय. गुरुजींच्या मागे तानपुऱ्याला बसले होते. एम.ए.चं पहिलं वर्ष. गुरुजी मारवा राग गाणार होते. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात, म्हणजे 'नी'त. ग्रीनरूमच्या थंडीत अर्धा तास खपून तानपुऱ्यांची जोडी लावली, जवारीचा, म्हणजे तारेखाली नाद खुलवणारा, दोरा केसभर इकडं, केसभर तिकडं करत. मंचावर गेलो आणि दिव्यांच्या उबेनं तारा उतरायला लागल्या. माझा हात थरथरला. गुरुजींनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही, फक्त आलाप लांबवत षड्जावर, म्हणजे 'सा'वर, थांबले. आणि थांबूनच राहिले. मला तार मिळवायला त्यांनी वेळ दिला होता. समोरच्या हजारो लोकांनी त्या दीर्घ षड्जाला दाद दिली.

खाली उतरल्यावर मी रडले. गुरुजी म्हणाले, "अगं, तार उतरली हे तुला ऐकू आलं ना? मग झालं."

तानपुऱ्यावरून श्रोत्यांचे चेहरे दिसतात, ही आणखी एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. डोळे मिटलेली माणसं इतकी सुंदर दिसतात!

* * *

आमच्या वसतिगृहाचं दार साडेनऊला बंद व्हायचं. म्हणजे रोजचा शेवटचा कलाकार हुकायचा, आणि शेवटी तर सगळ्यात मोठे. दोन वर्षं अर्ज केले, उत्तरसुद्धा आलं नाही. आमच्यातली एक जण मात्र सकाळी सवाई गंधर्व स्मारकात कलाकारांच्या मुलाखती आणि माहितीपट असतात तिथं आम्हाला घेऊन जायची. रात्री जे ऐकता येत नव्हतं त्याच्याबद्दल आम्ही सकाळी ऐकायचो. तिसऱ्या वर्षी माझी आत्या खास पाच दिवसांसाठी गावाहून येऊन नातेवाइकांकडे उतरली, केवळ मला रात्री तिथं राहता यावं म्हणून. तिला गाण्याची काहीच आवड नव्हती.

* * *

मी हुबळीचा. घरी कन्नड. पुण्यात आलो तेव्हा माझ्या मराठीला लोक हसतील म्हणून गप्प असायचो. बैठकीत शेजारच्या काकूंनी डबा पुढं करत विचारलं, "कुठला रे तू?" हुबळी म्हटल्यावर त्यांनी पुढच्या ओळीतल्या चौघांना हाका मारल्या. "अहो, हा कुंदगोळच्या बाजूचा!" सवाई गंधर्वांचं गाव कुंदगोळ. रामभाऊ कुंदगोळकर हे त्यांचं नाव. गदगचे भीमसेन त्यांच्याच घरी पाणी भरत गाणं शिकले. लहानपणी त्या रस्त्यानं मी शंभरदा गेलो असेन, कधी उतरून पाहिलं नव्हतं. माझ्या गावाशेजारचं घर मला पुण्यातल्या काकूंनी दाखवलं. त्या सुट्टीत पहिल्यांदा कुंदगोळला उतरलो.

* * *

२०२० आणि २०२१, दोन डिसेंबर महोत्सवाविना गेले. बाबांनी घरीच पाच दिवस पाळले. दुपारी अंघोळ, इस्त्रीचा सदरा, आणि खुर्ची नको म्हणून जमिनीवर सतरंजी. कपाटातल्या कॅसेटी काढायचे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले.

२०२२ला मुकुंदनगरच्या मैदानावर सवाई पुन्हा झाला, तेव्हा मी एकटीच गेले. त्यांची शाल घेतली होती. पाचही दिवस बैठकीत त्याच बाजूला बसले, डावीकडं, खांबापासून थोडं लांब. आवाज तिथं नीट मिळतो असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं आहे.

महोत्सवाच्या अखेरीला सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातली भैरवी लावतात, जुनी ध्वनिमुद्रिका. तोवर अर्धी माणसं चपला शोधायला लागलेली असतात. बाबा कधी उठायचे नाहीत. मीही बसून राहिले. पुढ्यातली एक मुलगी, कॉलेजातली असावी, सतरंजी गुंडाळायला उठली होती. मला बघून थबकली.

"अजून कुणी आहे का?"

"नाही गं. पण एवढं संपू दे."

ती सतरंजी पुन्हा पसरून माझ्या शेजारी बसली.