मदत हवी आहे: पुनर्विकासाच्या आराखड्यावर रहिवाशांना बोलतं कसं करायचं?

नमस्कार मंडळी. शहराच्या मध्यवर्ती भागाचा पुनर्विकास आराखडा तयार झालाय आणि रहिवाशांची मतं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

पहिली बैठक पार फसली. भिंतीवर भलामोठा नकाशा लावला होता, पण निम्म्या लोकांना त्यात स्वतःचं घरच सापडेना. एक आजी बराच वेळ नकाशावर बोट फिरवत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे, पण मी रस्ता ओलांडायचा कुठून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा तासभर चार मोठे आवाज पार्किंगवरच भांडत बसले. भाडेकरू, फेरीवाले, शाळकरी मुलं यांच्यापैकी तर कुणी फिरकलंच नाही.

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती: पायरी जितकी वरची, तितका निर्णयात लोकांचा हात जास्त. त्यात सल्लामसलत चौथ्या पायरीवर आहे: लोकांचं ऐकून घेतलं जातं, पण आराखडा बदलेलच याची हमी नाही. आम्ही तर तिसरीवरच अडकलोय, नुसती माहिती देत. (आणि तीही धड नाही!)

नकाशा बाजूला ठेवून लोकांबरोबर त्या रस्त्यांवरून पायी फेरी कुणी काढली आहे का? एका वेळी किती जण घ्यावेत? कामावर जाणाऱ्यांना कसं गाठलंत? मुख्य म्हणजे, काही गोष्टी आधीच ठरून गेल्यात, त्या सुरुवातीलाच सांगून टाकाव्यात का? मला सांगावं असंच वाटतं, पण बरोबरचे म्हणतात, मग येईल कोण?