ठिबकाच्या अनुदानाने पाणी खरोखर वाचते का?

ओलिताखाली:
जगभरात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते, आणि एकूण लागवडीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी ओलिताची जमीन सुमारे ४० टक्के अन्न पिकवते. म्हणूनच सरकारे ठिबक व तुषार संचांना अनुदान देतात. तरीही संच बसल्यानंतर अनेक ठिकाणी विहिरींची पातळी खालावतच जाते, असे का व्हावे? आणि उपशावर मर्यादा घातली, तर अन्नोत्पादन घटणार नाही का?

निचरा:
समजा, मोकाट पद्धतीने शेताला १०० भाग पाणी दिले. त्यातले ५० पिकाने घेतले, १० वाफ होऊन गेले आणि उरलेले ४० मुळांच्या खाली झिरपले. शेतकऱ्याच्या हिशेबी हे ४० भाग वाया गेले. पण जमिनीखालून वाहत तेच पाणी उताराकडच्या विहिरीत उतरते आणि तिथले पीक त्यावर उभे राहते. ठिबकामुळे झिरपणे थांबले आणि वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने आणखी जमीन ओलिताखाली आणली, तर खोऱ्यातून पिकांच्या पानांवाटे वाफ होऊन कायमचे जाणारे पाणी उलट वाढते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अधिक कार्यक्षम तुषार यंत्रणेला अनुदान दिल्यानंतर भूजल उपसा वाढल्याचे अभ्यासात दिसले आहे. जिथे झिरपलेले पाणी खाऱ्या भूजलात मिसळते किंवा जमीन पाणथळ करते, तिथे मात्र ठिबकाची बचत खरी असते, त्यामुळे सरसकट विरोधही योग्य नाही.

खोरे:
मर्यादेविषयीच्या प्रश्नाचे उत्तरही कॅन्ससमध्येच मिळते. तिथल्या शेरिडन भागातील शेतकऱ्यांनी पुढाकार घेऊन २०१३ पासून पाच वर्षांसाठी एकूण ५५ इंच (म्हणजे ओलिताच्या जमिनीवर तितक्या उंचीचा थर होईल इतक्या) पाण्याची मर्यादा मान्य करून घेतली. मर्यादा दरवर्षाची नव्हती, पाच वर्षांची मिळून होती, आणि मला हाच त्यातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो, कारण कोरड्या वर्षी जास्त व ओल्या वर्षी कमी पाणी वापरण्याची मोकळीक राहिली. शेतकऱ्यांनी पाळ्या पारखून दिल्या, मक्याचे काही क्षेत्र ज्वारीकडे वळवले. उपसा बराच घटला आणि नफा त्या प्रमाणात घटला नाही. विहिरींवर मीटर आधीपासूनच होते, म्हणून हे जमले.

ओलिताखाली:
पण ज्या देशाला धान्य आयात करणे धोक्याचे वाटते, त्याने काय करावे?

निचरा:
सौदी अरेबियाने नेमका तोच विचार करून, भरघोस अनुदान देत, पुनर्भरण जवळपास न होणाऱ्या भूजलावर गहू पिकवला आणि काही काळ निर्यातही केली. अखेर २००८ मध्ये देशी गव्हाची सरकारी खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय त्याला घ्यावा लागला. साठा संपवून भरलेल्या कोठारांना अन्नसुरक्षा म्हणणे मला पटत नाही. टंचाईच्या वर्षी उपयोगी पडेल असे भूजल जमिनीत राखून ठेवणे हाही धान्यसाठ्याचाच प्रकार मानला पाहिजे. म्हणून अनुदानाच्या अर्जासोबतच विहिरीला मीटर आणि ओलिताचे क्षेत्र न वाढवण्याची अट असावी. आणि ती ठरवताना उताराकडच्या शेतकऱ्यांनाही बैठकीत बसवावे, कारण वरच्या शेतातील झिरपा थांबला की पहिली विहीर त्यांची आटते.