ऑम्नीचं इंजिन न उतरवता मागच्या बाजूचं ऑइल लीक घरी थांबेल का? (इंदूर)

लोकमान्यनगरी
मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी १९९८ ची मारुती ऑम्नी, कार्ब्युरेटरवाली, फक्त पेट्रोल. बाबांची गाडी आहे आणि आरसी २०२८ पर्यंत रिन्यू झाली आहे, त्यामुळे 'विकून टाका' हा सल्ला कृपया देऊ नका.

ओंकारेश्वरहून परत येताना भेरूघाट चढला की आत जळक्या तेलाचा वास येतो. घरी उभी केली की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले आहेत, बरोब्बर तिथून थेंब पडतात. गॅरेजवाल्याने खाली वाकून एक नजर टाकली आणि म्हणाला, मागचं ऑइल सील (इंजिनाच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, लगे हाथ क्लच, सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), सगळंच करून टाकू. मला त्याआधी घरी काय करता येईल ते बघायचं आहे. पाने आहेत, अंगणात सावली आहे. सीट उचलली की टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) दिसतं, पण मागच्या कोपऱ्यात हात जात नाही. त्याचं गॅस्केट (सांध्यात बसणारी पट्टी) कॉर्कचं घ्यावं की रबराचं?

दहाचा_पाना
भिया, आधी धुऊन काढ. तेलाने माखलेल्या इंजिनावर कोणीही काहीही सांगू शकतो.

निवृत्त_फोरमन
वरच्यांचं बरोबर आहे, पण जरा सविस्तर लिहितो.

तेल वरून खाली येतं, आणि गाडी चालत असताना वाऱ्याने मागेही जातं. म्हणून गळती वरच्या पुढच्या कोपऱ्यात असली तरी थेंब सगळ्यात खालच्या मागच्या टोकाला लटकतो. तुमच्या या ७९६ सीसी इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला असतो. त्याची ओ-रिंग (रबरी गोल कडी) कडक झाली, किंवा त्याच्या केसमागचं गॅस्केट गेलं, की तेल हेडच्या मागून सरळ बेल हाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या तोंडाशी असलेल्या घंटेसारख्या खोळीवर) उतरतं आणि खालून बघणाऱ्याला मागचं ऑइल सील गेल्यासारखंच दिसतं. सील गेलं नसेलच असं मी म्हणत नाही. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी वरच्या दोन संशयितांना सोडायचं नाही.

शोधायची रीत अशी. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिझेल आणि ब्रशने कव्हरच्या कडा, डिस्ट्रिब्यूटरचा भाग, बेल हाउसिंग स्वच्छ करा. पेट्रोलने धुऊ नका, सीटखालच्या बंद जागेत वाफ कोंडते. डिझेल पूर्ण पुसून वाळू द्या आणि मग तोंडाला लावायची साधी टाल्कम पावडर वरपासून खालपर्यंत भुरभुरवा. वायर जोडून थोडी चक्कर मारून या, टॉर्च घेऊन बघा. ओली रेघ जिथे सुरू होते तो गुन्हेगार. खाली जिथे संपते तिकडे बघायचंच नाही.

आणि हो, ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ आणि दाब बाहेर सोडणारी) काढून आत बघा. ती काळ्या चिकटाने बुजली असेल तर इंजिनातला दाब बाहेर पडायला जागा शोधतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकलतो. ती साफ न करता नवीन गॅस्केट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

ऑम्नीवाली_सुदामानगर
मी माझ्या व्हॅनचं टॅपेट कव्हर घरीच केलंय. हात न जाण्याचं उत्तर मोठा पाना नाही, छोटा रॅचेट आहे. पाव इंची ड्राइव्हचा रॅचेट, त्याला लांब एक्स्टेंशन, पुढे युनिव्हर्सल जॉइंट आणि दहाची गोटी. सियागंजात हे सगळं सुटं मिळतं, पेटीभर संच घ्यायची गरज नाही. गोटीत जरासं ग्रीस लावा म्हणजे बोल्ट चिकटून राहतो, इंजिनाच्या पोटात पडत नाही. एक चुंबकाची कांडी जवळ ठेवाच.

मागचा कोपरा सीटवरून होत नाही. मी ड्रायव्हरच्या बाजूने पायदानावर गुडघे टेकून, आरसा समोर धरून केला. आरशात बोल्ट उलटा फिरतोय असं वाटतं, त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

लोकमान्यनगरी
ताई, हे सोन्यासारखं. फोरमनकाका, पावडर लावून बघितली. ओली रेघ टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेला आहे, आणि डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशीही. सम्प कोरडा! मग सिलिकॉन लावूनच बसवू का दोन्ही?

चेंबरवाला
सिलिकॉन भरपूर लाव, गॅस्केट विसर. माझी गाडी वर्षानुवर्षं तशीच आहे.

निवृत्त_फोरमन
चेंबरवाला भाऊ, तुमच्या गाडीचा सम्प उघडा एकदा. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही तेवढंच बाहेर येतं. त्याचा तुकडा सुटला की तेलाच्या गाळणीवर जाऊन बसतो आणि पंपाला तेल मिळत नाही. काही गाड्यांत सम्पला कंपनीकडूनच गॅस्केट नसतं, नुसतं सीलंट असतं. तिथे बारीक धार लावायची, तीसुद्धा बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. कव्हरचं रबर गॅस्केट मात्र कोरडंच बसवा, फक्त कोपऱ्यात जिथे दोन पत्रे मिळतात तिथे टिकलीएवढं सीलंट चालेल.

आता कॉर्क की रबर. सीटखाली उष्णता कोंडते आणि कॉर्क त्यात आक्रसतो. चांगल्या रबराचं मिळालं तर तेच घ्या, जुनं गॅस्केट सोबत नेऊन भोकं जुळवून घ्या. एकच जपा: कव्हर गळतं आहे म्हणून आवळत सुटू नका. सहा मिलीमीटरचा बोल्ट आहे, मनगटाच्या जोराने, छोट्या रॅचेटने, मधून बाहेर आळीपाळीने. जोर लावला तर कव्हरची कड वाकते आणि मग कुठलंच गॅस्केट बसत नाही. काढलेल्या कव्हरची कड सपाट काचेवर ठेवून बघा, डुगडुगली तर आधी ती सरळ करून घ्या.

जुना चिकटा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पॉलिश पेपर नको, त्याची खर आत तेलात जाते. खरवडताना उघड्या भागावर स्वच्छ फडकं अंथरा, आणि ते बाहेर काढलंय हे झाकण लावण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

डिस्ट्रिब्यूटर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर खुणेची एक रेघ मारा. रोटर (त्याच्या आतला फिरणारा तुकडा) कुठे बघतोय त्याची दुसरी. फोटो काढा. बाहेर ओढताना गिअरमुळे रोटर जरासा फिरतो, म्हणून बाहेर आल्यावर तो कुठे थांबला तेही टिपून ठेवा. त्यानंतर इंजिन अजिबात फिरवायचं नाही. नवीन ओ-रिंगला तेलाचं बोट लावून बसवा, आणि शेवटी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, टायमिंग लाइटने तपासून घ्या. तो नसेल तर एवढ्यापुरतं मेकॅनिककडे जा, त्यात कमीपणा नाही.

ऑम्नीवाली_सुदामानगर
एक भर. वास तेलाचाच आहे ना, याची खात्री करा. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर टिकटिक आवाज येत असेल आणि गरम झाल्यावर कमी होत असेल, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) गॅस्केटही फुंकत असेल. ऑम्नीत इंजिन आपल्या बुडाखालीच आहे, तो धूर थेट आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. असं असेल तर दुरुस्ती होईपर्यंत मुलांना त्या गाडीत बसवू नका. त्याचे स्टड (डोकं नसलेले बोल्ट) गंजलेले असतात, तुटला की ड्रिलचं काम निघतं, म्हणून ते मी घरी केलं नाही. जुन्या एक्झॉस्टच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका.

दहाचा_पाना
आणि खाली शिरायची वेळ आली तर नुसत्या जॅकवर नको. घोड्या (गाडीखाली टेकवायचे लोखंडी स्टँड) लाव. विटा तर मुळीच नाही.

लोकमान्यनगरी
टिकटिक नाही, ऐकून घेतलं. दोन्ही जागा उघडल्या. डिस्ट्रिब्यूटरची ओ-रिंग काढताना नखाखाली बांगडीच्या काचेसारखी तुकडे होऊन निघाली, आणि कव्हरचं कॉर्क मागच्या कोपऱ्यात चक्क चिरलेलं. ब्रीदरची नळीही बुजलेली होती. सगळं बसवलं, टायमिंग बाहेरून तपासून घेतलं, भेरूघाट चढून आलो. बेल हाउसिंग अजून कोरडं आहे. गिअरबॉक्स जागच्या जागी.

तेलाने माखलेली फडकी कुठे टाकावी? ओल्या-सुक्याच्या गाडीत दिली तर महापालिकेची ताई ओरडेल!

निवृत्त_फोरमन
ओरडायलाच हवं. वेगळ्या पिशवीत बांधा, घातक कचरा म्हणून सांगून द्या. जुनं तेल निघालं असेल तर ते डब्यात भरून गॅरेजला द्या, तेल गोळा करणारे तिथे येतात. नालीत नको.

रबराचं गॅस्केट आहे, तेव्हा पुन्हा आवळायचं काम नाही. कॉर्क असतं तर गरम होऊन गार झाल्यावर एकदा हलका हात फिरवा म्हटलं असतं. महिन्याभराने पुन्हा पावडर मारा. तेव्हा वरचं कोरडं आणि खालचं ओलं दिसलं, तर मात्र बहुधा ऑइल सीलच, आणि मग क्लच बदलायला येईल तेव्हा त्याच खर्चात करून घ्या.