मदत हवी आहे : स्कारा ब्रेचे लोक गाव सोडून का गेले?

नमस्कार मंडळी. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवर स्कारा ब्रे ही सुमारे ५,००० वर्षांपूर्वीची वस्ती आहे. १८५० मध्ये एका वादळाने किनाऱ्यावरची वाळू उडाली आणि घरं उघडी पडली. बेटांवर लाकडाची वानवा, म्हणून पलंगाच्या चौकटी, फडताळं, सगळं दगडी फरश्यांचं. मधोमध चूल. फोटो पाहून गलबलून येतं हो, माणसं आत्ता उठून गेल्यासारखी वाटतात.

उत्खनन करणाऱ्या गॉर्डन चाइल्ड यांच्या मते वाळूच्या वादळात लोक घाईघाईने पळाले. दारापाशी सांडलेले माळेचे मणी त्यांना तसं सुचवत होते. नंतरचे बरेच अभ्यासक म्हणतात, गाव हळूहळू ओस पडलं. मलाही हेच जास्त पटतं. वस्ती झाली तेव्हा समुद्र बराच लांब होता; मग किनारा झिजत गेला, शेतात वाळू नि खारं वारं शिरलं असावं.

अडलंय ते इथे : एका रात्रीत साचलेली वाळू आणि पिढ्यान्‌पिढ्या साचलेली वाळू, हा फरक थरांमध्ये कसा ओळखतात? परागकणांवरून शेती खालावल्याचं कळतं का? पुरातत्त्व किंवा भूशास्त्र शिकलेल्या कुणी सोप्या शब्दांत सांगाल का?