गारगोटी म्हणजे नेमके काय?

अनुवादिनी: पुण्यातील एका खनिज प्रदर्शनाच्या फलकांचे मराठीकरण मी करीत आहे. आपल्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट अशी जी झिओलाइट खनिजे सापडतात, त्यांच्यासाठी मी सरसकट 'गारगोटी' हा शब्द योजला होता. आयोजकांपैकी एका निवृत्त अध्यापकांनी तो खोडला आणि 'गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ, दुसरे काहीही नव्हे' असा शेरा मारला. परंतु सिन्नरच्या ज्या संग्रहालयात झिओलाइटांचा एवढा मोठा संग्रह आहे, त्याचे नावच 'गारगोटी' आहे, आणि आमच्या घरी तर चमकणाऱ्या कोणत्याही पांढऱ्या खड्याला हाच शब्द वापरीत. फलकावर काय लिहावे?

भूस्तर: शेरा योग्य आहे. गारगोटी ही निव्वळ सिलिका असते, तिची कठिनता सात असते आणि तिने काचेवर ओरखडा उठतो. स्टिल्बाइटची कठिनता चारच्या आत असल्यामुळे त्याच्यावर चाकूनेही चरा पडतो. झिओलाइटाच्या घडणीतच पाणी असते आणि तापवल्यावर ते बाहेर पडते. क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने 1756 मध्ये असा दगड तापवला तेव्हा तो फसफसला, म्हणून त्याने ग्रीक भाषेतून 'उकळणारा दगड' अशा अर्थाचे नाव घडवले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे खडकातून झिरपलेल्या उष्ण पाण्याने त्या भरल्या. त्यांत झिओलाइटाशेजारी गारगोटीही असते, कॅल्साइटही असते. शेजार आहे म्हणून नाव एक होत नाही.

शुद्धाक्षर: अर्थ एवढा स्वच्छ असताना 'झिओलाइट' हा शब्द मराठीत जसाच्या तसा का ठेवावा? 'क्वथनाश्म' हा शब्द नियमाने सिद्ध होतो आणि कोणालाही समजावा असा आहे.

खडीमशीन: कोणालाही म्हणजे कोणाला? वाघोलीच्या खाणींवर मी बरीच वर्षे हिशेब लिहिले. सुरुंग उडाल्यावर निळे खडे निघाले की व्यापारी 'कॅव्हेन्साइट' हेच नाव घेऊन येत आणि दगड फोडणाऱ्यांच्याही तोंडी तेच बसले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरे जोडून केलेले नाव आहे ते. त्याचे 'चूव्हसि' करायचे काय?

शुद्धाक्षर: थट्टा हा युक्तिवाद नव्हे. पाषाण या गावाच्या नावाला आपण संस्कृत म्हणून नाके मुरडीत नाही.

भूस्तर: पाषाणचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तेथील टेकड्यांच्या खाणींतून निघालेला हिरवा अ‍ॅपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. तो हिरवा रंग व्हॅनेडियममुळे येतो आणि वाघोलीच्या निळ्या खड्यांतही तेच मूलद्रव्य आहे. मात्र अ‍ॅपोफिलाइट आणि कॅव्हेन्साइट हे दोन्ही काटेकोर अर्थाने झिओलाइट नव्हेत. तेव्हा फलकावर 'झिओलाइट' लिहिले तरी अनुवादिनी यांची अडचण पुरती सुटत नाही. 'झिओलाइट व त्यांच्यासोबत सापडणारी खनिजे' असेच लिहावे लागेल. जाता जाता, 1831 मध्ये पुण्याच्या नावावरून 'पूनालाइट' असे एक खनिजही जाहीर झाले होते. पुढे ते मेसोलाइटच निघाल्यामुळे नाव रद्द झाले. पुणेकरांनी त्याबद्दल अद्याप निषेध नोंदवलेला नाही, हे आश्चर्यच.

मुळशीकर: विद्वानांनी 'घरगुती' अर्थ चुकीचा ठरवण्याची घाई करू नये. आम्ही लहानपणी नांगरटीनंतर शेतातून गारगोट्या वेचायचो आणि रात्री गोधडीत शिरून त्या एकमेकींवर घासायचो. त्यांत पिवळसर उजेड दिसे आणि जळका वास येई. आजोबा तशाच एका गारगोटीवर चकमक झाडून बिडी पेटवीत. खडक झिजून माती झाली की ठिसूळ खनिजे तिच्यातच विरून जातात आणि गारगोटी तेवढी मागे उरते. त्यामुळे शेतकरी गारगोटी म्हणून जे उचलतो ते बहुधा क्वार्ट्झच असते, किंवा त्याच जातीचे काही. गोंधळ शहरातील दिवाणखान्यांत होतो, जेथे कपाटातील प्रत्येक चकाकणारा दगड गारगोटी ठरतो.

अनुवादिनी: म्हणजे वापर आणि शास्त्र यांचे येथे भांडणच नाही, असे आपले म्हणणे आहे. तरीही संग्रहालयाच्या नावाचे काय करायचे? लोक तेच वाचून प्रदर्शनाला येणार आहेत.

खडीमशीन: नाव ते नाव. भुदरगड तालुक्यातील गारगोटी गावात काय सगळे क्वार्ट्झ आहे? ते असो, पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेल्या खडकाला अस्सल मराठी शब्द हवाच असेल तर विहिरी खणणाऱ्यांना विचारावे. मुरूम संपून कठीण कातळ लागण्याआधी जो मऊसर, ठिपकेदार थर लागतो त्याला ते 'मांजऱ्या' म्हणतात, आणि तो लागला की खोदाईचा दर बदलतो.

शुद्धाक्षर: 'मांजऱ्या' हा शब्द 'मंजरी'वरून आला असावा. काळ्या खडकावरचे पांढरे पुंजके तुळशीच्या मंजऱ्यांसारखे दिसतात.

मुळशीकर: विहीर खणणारा तुळशीकडे कशाला जाईल? करड्या मांजराच्या अंगावर असते तसे कबरेपण त्या दगडात असते, म्हणून मांजऱ्या.

भूस्तर: दोन्ही व्युत्पत्ती पटण्याजोग्या असल्या तरी मांजऱ्या हे खडकाचे नाव आहे, त्यातील खनिजाचे नव्हे. फलकावर ते चालणार नाही.

खडीमशीन: हडपसरपलीकडच्या मांजरी गावाचे नाव अजून कोणी कसे घेतले नाही?

मुळशीकर: घेऊ नये म्हणूनच. साताऱ्याकडील माझे मामाही मांजऱ्याच म्हणतात, आणि त्यांनी मांजरी हे गाव कधी पाहिलेले नाही.