मदत हवी आहे: ‘लुचिया’साठी रंगमंच दोन खोल्यांत विभागताना

संगीतकार दोनिझेत्तीच्या ‘लुचिया दी लाम्मेरमूर’ या ऑपेरामध्ये (नेपल्स, १८३५) भाऊ एन्रिको खोटं पत्र दाखवून लुचियाकडून लग्नाच्या करारावर सही घेतो; पुढे लुचिया नवऱ्याचा खून करते, तो मात्र पडद्याआडच होतो. दिग्दर्शिका केटी मिचेल यांनी लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये २०१६ साली रंगमंच दुभागून लुचियाची खोली सतत दिसती ठेवली. पुरुष सौदे करतात तेव्हा ती काय करते, हे कळतं. तीच रचना लहान मंचावर करायची आहे.

मंचाची रुंदी ३२ फूट, मधली भिंत १२ फूट खोल. टोकाच्या खुर्च्यांना पलीकडच्या खोलीतला भिंतीलगतचा पट्टा दिसत नाही, आणि पलंग नेमका तिथेच आहे. पलंग बाहेरच्या बाजूला सरकवला तर विंगेची वाट अडते. भिंत ८ फुटांवर आणली, तर तिचा आडोसा पुरेल का? की पुढचा भाग जाळीदार कापडाचा करावा? पण जाळीवर पुढून उजेड पडला की ती पांढरी, अपारदर्शक होते.

दुसरं, तिसऱ्या अंकात एन्रिको आणि लुचियाचा प्रियकर एदगार्दो यांचं द्वंद्वगीत चालू असताना शेजारच्या खोलीत खून दाखवला, तर गाण्याकडे कुणी बघतच नाही. मूक हालचाली कोणत्या स्वरवाक्यांना बांधाव्यात?

खुनानंतर लुचियाला वेड लागतं, त्या प्रवेशाला बासरीऐवजी मुळातली ग्लास हार्मोनिका (फिरत्या काचेच्या वाट्यांवर ओली बोटं घासून वाजवायचं वाद्य) हवी आहे. तिचा आवाज नाजूक असतो. माइक न लावता ती कुठे बसवावी? (बासरीसोबतची प्रसिद्ध तानबाजी नंतरची भर आहे, ती गाळणार आहोत.)