टॉर्टॉइजचा 'टीएनटी': याला जाझ म्हणायचं का?

रात्रपाळी
शिकागोच्या टॉर्टॉइज या बँडचा 'टीएनटी' हा अल्बम (१९९८) काल परत अख्खा ऐकला, तासाभराच्या वर आहे, कोणी गात नाही काही नाही, आणि दरवेळी पडतो तोच प्रश्न पडला की लोक याला जाझ जाझ का म्हणत सुटतात? अल्बम आवडतो, त्याच्याशी भांडण नाही. पण त्यांच्या ड्रमर जॉन मॅकेन्टायरने सगळं कॉम्प्युटरवर घेऊन कापलं, जोडलं, पुन्हा कापलं. जाझ म्हणजे चार जणं एका खोलीत एकमेकांचं ऐकत वाजवणार, चुकलं तर चुकलं. इथे चुकायला जागाच कुठेय? सरळ पोस्ट-रॉक आहे, म्हणजे वाद्यं रॉकची पण गाणी रॉकसारखी नाहीत, वरून जाझची फोडणी.

कोथिंबीरवडी
फोडणी म्हणे! अरे गिटारवर जेफ पार्कर आहे, शिकागोच्या एएसीएम या संगीतकारांच्या संघटनेच्या जाझवाल्यांतला माणूस. तो याच अल्बमपासून बँडमध्ये आला आणि यांच्याच १९९६ च्या अल्बममधला वीसेक मिनिटांचा 'जेड' याच्या शेजारी लावून बघ, फरक लगेच कळतो. पहिलाच ट्रॅक घे ना, सुरुवातीला नुसते ड्रम्स, वादक जणू हात मोकळे करतोय, ठेका अजून धड बसलेला नाही, मग हळूच गिटारची एवढीशी ओळ येते, तीच ती फिरत राहते आणि बाकीचे एकेक करून येऊन टेकतात. आणि कात्रीचंच म्हणशील तर जाझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'इन अ सायलेंट वे' (१९६९) घे. त्याचा प्रोड्यूसर टिओ मासेरोने दुसऱ्या बाजूची सुरुवात जशीच्या तशी शेवटाला परत चिकटवली. तो पण जाझ नाही का मग?

रात्रपाळी
मासेरो येणार हे माहीतच होतं :) पण तिथे आधी मंडळी एकत्र वाजवून मोकळी झाली, मग कात्री. इथे कात्रीच बँडची मेंबर आहे.

लेहरावाला
मध्येच तोंड घालतो. याच अल्बममधला 'टेन-डे इंटरव्हल' ऐकलाय का नीट? मरिंबा आणि व्हायब्रफोन (दोन्ही काठ्यांनी वाजवायची, पट्ट्यांची वाद्यं) गोल गोल फिरतात, अगदी तबल्याच्या साथीला तीच ती धून फिरते त्या लेहऱ्यासारखे, आणि आपल्या कानाला सवय म्हणून आपण वाट बघत बसतो की आता तबला उचलेल, आता उचलेल... कोणी उचलतच नाही. ते स्टीव्ह राइखचं, म्हणजे छोट्या छोट्या ओळी पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या अमेरिकन संगीतकाराचं घराणं झालं, जाझ नव्हे.

कोथिंबीरवडी
पण सोलो आला नाही म्हणून जाझ नाही हे कुठलं लॉजिक? पार्कर मुद्दामच कमी वाजवतो, दोन सूर लावून गप्प बसतो, त्यालाही हिंमत लागते. आणि याच अल्बममधला रॉब मझुरेकचा कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ) विसरलात सगळे.

रात्रपाळी
बरं बाबा, पहिला ट्रॅक तुझा, मरिंबावाला लेहरावाल्याचा. उरले दहा. आता माझं स्टेशन आलं, उतरतो, संध्याकाळी येऊन भांडतो.